मास्तरांच्या सैल तारा

माझ्या बायकोचं म्हणणं असं की, सैल वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. खोटं नाही ते. लग्नानंतर मोहोळला सासुरवाडीत पहिल्यांदा मुक्कामाला गेलो, तेव्हा अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी मधोमध झुकलेली दिसली. मी ती ओढून, दोन गाठी मारून झकास घट्ट केली. सकाळी बघतो तर सासऱ्यांच्या दोन धोतरांसकट कोपऱ्यातला खांब आडवा. सासरे रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जावईबापू, दोरी झुकलेलीच बरी आसती. वल्या कापडाचं वजन आसतंय की." मी मान डोलावली. शिकलो काहीच नाही. शिकलो असतो तर पुढचं लिहायची वेळ आली नसती.

पोटाचा धंदाही तसलाच. सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी दर्जा तपासायला आहे. मागावर उभे धागे किती ताणलेत ते बघायचं. ढिले पडले तर कापडाला झोळ येतो, जास्त ताणले तर तटातट तुटतात. माझ्या हातात एक मीटर असतो. तो धाग्याला लावायचा, आकडा बघायचा, वहीत लिहायचा. एक आकडा बरोबर, बाकी सगळे चूक, अशा आनंदात माझी वीस वर्षं गेली आहेत. आमच्याकडचा जुना जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारा मिस्त्री, मीटरकडे ढुंकून बघत नाही. पालथी बोटं धाग्यांवरून फिरवतो आणि म्हणतो, "साहेब, आज हवा कोरडी हाय, जरा ढिला सोडा." मी त्याला आकडा दाखवतो. तो म्हणतो, "मीटरला घाम येतो व्हय?"

चाळिशी ओलांडल्यावर मला व्हायोलिन शिकायची हुक्की आली. या वयात माणसं गुडघ्याला तेल लावतात, मी गजाला राळ लावायला लागलो. जुन्या गिरणीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहणारे एक मास्तर शिकवायचे. शाळेतून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. दर गुरुवारी कामावरून परस्पर मी तिथं जायचो.

मास्तरांच्या व्हायोलिनचा आवाज मला पहिल्या दिवसापासून खटकला होता. मोबाइलवर ऐकलेली व्हायोलिनं कशी चमकदार, टोकदार वाजतात. मास्तरांचं दाट वाजायचं, जाड वाजायचं, दुपारी झोपून उठलेल्या माणसानं बोलावं तसं. तारांवर बोट ठेवलं तर त्या दबायच्या. माझ्या मनात लगेच वहीतला शेरा उमटला: झोळ.

एकदा विचारलंच. मास्तर म्हणाले, "तार ताणली की आवाज धारदार होतो, लांब जातो. सैल सोडली की गोल होतो, जवळच राहतो. पण सैल तार लाजाळू असते. गज जरा दाबलास की तिचा सूर हलतो, ती घरघरते. म्हणून मी जाड तारा लावतो आणि गज नुसता वरून नेतो." मग माझ्या मनगटाकडे बघून म्हणाले, "तू गज मारत नाहीस, भिंत घासतोस."

वाद्य कुठल्या पट्टीत लावायचं, हे आपल्याकडे गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरतं. पट्टी म्हणजे बाजाच्या पेटीची ती पांढरी किंवा काळी पट्टी, जिथं गाणारा आपला सा धरतो. आणि मास्तरांचं वाद्य ज्या गळ्यासाठी लागायचं तो गळा काकूंचा. काकू म्हणजे मास्तरांच्या बायको. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं बोलता बोलता कानडीत शिरायच्या आणि रागावल्या तर तिकडंच राहायच्या. त्या कानडी पदं म्हणायच्या. शिकवणी संपली की एखादं पद, मास्तरांची साथ, आणि मग आम्हा सगळ्यांना शेंगाचटणी-भाकरी. कुणी नवा विद्यार्थी आला की काकू त्याला हटकून सांगायच्या, "माझी पट्टी काळी चार हं. लग्नात काळी चार होती, अजून काळी चार. पासष्टी झाली तरी गळा तिथल्या तिथं!" त्या हे सांगत असताना मास्तर नेमके गजाला राळ लावत बसलेले असायचे. खाली मान घालून, खूप वेळ.

घरात पेटी होती, पण ती कॉटखाली. "भाता फाटलाय," मास्तर सांगायचे. मी दोनदा म्हणालो, आणा इकडे, मी दुरुस्त करून आणतो. सैल, फाटकं, मोडकं असं काही कळलं की मी पुढं. "राहू दे," मास्तर म्हणायचे. तंबोऱ्याची विजेची पेटी होती. तिच्यावर पट्टी दाखवणारी बारीकशी खिडकी असते. मास्तरांनी त्या खिडकीवर पांढरी चिकटपट्टी लावून ठेवली होती. मला वाटायचं, काच फुटली असेल.

आता वाचणाऱ्याच्या सगळं लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. माझ्याकडे मीटर होता ना.

गेल्या वर्षी गुरुपौर्णिमेच्या तोंडावर मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मान खाली घालायची नाही, ताण घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गुरुपौर्णिमेला त्यांच्या घरी आम्ही सगळे विद्यार्थी जमतो, एकेक जण काहीतरी वाजवतो, आणि शेवटी काकूंचं पद होतं. वर्षभरात काकू आम्हा विद्यार्थ्यांपलीकडे, बाहेरच्या माणसांसमोर गायच्या त्या याच एका दिवशी. पालक येतात, शेजारी येतात, दारात चपला मावत नाहीत. या वेळी काकूंची साथ कोण करणार? मास्तरांनी मला बोलावलं. त्यांचं स्वतःचं व्हायोलिन आणि तंबोऱ्याची पेटी माझ्या हातात दिली. "चार दिवस घरी ने. सराव कर. पद तुला येतंय."

माझी छाती एवढी फुगली की पुढचं वाक्य मी नीट ऐकलंच नाही. ते असं होतं: "खुंट्यांना हात लावू नकोस. पेटीलाही नाही. नुसतं बटण चालू कर. आहे तसंच वाजव."

ऐकलंच नाही असं म्हणणं हीसुद्धा सवलतच. ऐकलं होतं. मला वाटलं, ऑपरेशनमुळं घाबरलेत.

घरी येऊन पहिलं काम काय केलं? मोबाइलवरचं सूर मोजायचं अॅप उघडलं. मास्तरांच्या वाद्याचा सा निघाला पांढरी चार. काळी चार नव्हे, पांढरी चार! पूर्ण तीन पट्ट्या खाली. मी पुन्हा मोजलं. मग तंबोऱ्याच्या पेटीवरची चिकटपट्टी नखानं उकरायला घेतली.

बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "दुसऱ्याच्या वस्तूवरची चिकटपट्टी काढू नये."

"काच फुटलीय का बघतो."

"त्यांनी लावलीय म्हंजे काहीतरी आसंल की."

"तुला संगीतातलं काय कळतं?"

"संगीतातलं न्हाय कळत. चिकटपट्टीतलं कळतं."

चिकटपट्टी निघाली. काच शाबूत होती. खिडकीत पांढरी चार. माझा निष्कर्ष तयार झाला: म्हातारपणी मास्तरांचे कान उतरले, बिचाऱ्यांना आपण खाली वाजवतोय हे कळतही नाही, आणि त्यांच्यामुळं काकूंना उगाच खालच्या पट्टीत गावं लागतंय. माझ्यासारखा जाणकार शिष्य असताना! दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ही बातमी मी जॉबरला सांगितली. त्यानं विचारलं, "किती वर्सं वाजवतायत त्या मापावर?"

"कोण जाणे. दहा-पंधरा असतील."

"कुणी तक्रार केली?"

"नाही."

"मग कापड बरोबरच निघत आसंल की, साहेब. हात नका लावू."

सगळं सोलापूर मला एकच गोष्ट सांगत होतं. मी मात्र दुकानात जाऊन बारीक, कडक, भारीतल्या नव्या तारा घेतल्या. गुरुदक्षिणा म्हणून! मास्तरांच्या जाड तारा उतरवल्या, गुंडाळून पाकिटात ठेवल्या. खुंट्या घसरू नयेत म्हणून त्यांना खडू घासला. नव्या तारा चढवल्या आणि मोबाइलचा काटा बरोबर मधे येईपर्यंत पिळल्या. काळी चार. तंबोराही काळी चार. गज ओढला आणि खोली लखलखली. जुनं वाद्य एकदम तरुण झाल्यासारखं किंचाळलं. तेव्हा मला तो शब्द सुचला नव्हता. मी 'खुललं' म्हणालो होतो.

गुरुपौर्णिमेला मास्तर डोळ्यांवर काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसले होते. काकूंनी गव्हाची हुग्गी, म्हणजे आमच्याकडची खीर, केली होती, वेलदोड्याचा वास गल्लीपर्यंत. नवं लुगडं, केसांत गजरा. विद्यार्थ्यांनी आपापल्या वाद्यांवर, आपापल्या पट्टीत, मोबाइलच्या तंबोऱ्यावर वाजवलं. त्या दिवशी मास्तरांचं वाद्य बाहेर निघतं ते फक्त काकूंसाठी, शेवटी. त्यामुळं तोवर कुणी त्याचा नवा आवाज ऐकला नव्हता.

काकू येऊन बसल्या. समोरच्या एका आईला त्यांनी नेहमीचं सांगितलं, "काळी चार हं. अजून!" मी तंबोरा चालू केला.

मास्तरांची मान ताठ झाली. डोळे दिसत नव्हते, पण चेहरा माझ्याकडं वळला. "थांब," ते म्हणाले. "आधी... आधी हुग्गी वाढू या. लोक उपाशी आहेत."

"अहो, आत्ता कुठं पाच वाजतायत," काकू म्हणाल्या. सगळे हसले.

"मग दुसऱ्या कुणाचं तरी होऊ दे."

"सगळ्यांचं झालं की. माझंच राहिलंय. तुम्हाला आज काय झालंय?"

मास्तरांनी चष्मा उगाच सारखा केला. ते काय बोलू शकत होते? 'उतरव' म्हणाले असते तर का, हेही सांगावं लागलं असतं, चाळीस माणसांसमोर. मला वाटलं, वाद्याचा नवा आवाज ऐकून गहिवरलेत.

पहिली ओळ कशीबशी गेली. काकूंच्या कपाळावर आठी आली, जिना चढताना पायऱ्या वाढल्यासारखं वाटावं तशी. दुसऱ्या ओळीत पद वरच्या सा ला जातं. तिथं काकूंचा आवाज फुटला. नुसता फुटला नाही, आतून हवा निघून गेली. त्या थांबल्या, खोकल्या, पाणी मागितलं. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच. समोरची एक मुलगी खुदकन हसली, तिच्या आईनं तिला चिमटा काढला. माझ्या हातातलं व्हायोलिन मात्र एकटंच वर जाऊन, कडक आणि स्वच्छ, उभं होतं.

"साकु," काकू हळूच म्हणाल्या. कानडीत, पुरे. "आज घसा बसलाय."

इथं मी गप्प बसलो असतो तर गोष्ट घशावर निभावली असती. घसा बसतो, उद्या उठतो. पण शांतता सैल पडलेली मला बघवत नाही. मी मोबाइल वर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काकू, घसा नाही, सवय! इतके दिवस वाद्य तीन पट्ट्या खाली होतं. पांढरी चारवर. मी मोजलं ना. आज बरोबर काळी चार लावलंय. थोडा सराव केलात की जमेल."

खोलीत तंबोरा तेवढा वाजत होता. काकूंनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या मास्तरांकडं बघत होत्या. मास्तर काळ्या चष्म्याआडून जमिनीकडं. मान खाली घालायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं असूनही.

हुग्गी सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली, दोन वाट्या. हे लिहिताना कान तापतात, पण खाल्ली.

निघताना मास्तर दारापर्यंत आले. चपला शोधायला मी वाकलो होतो. ते वरून म्हणाले, "तिच्या गळ्यामागं तीन पट्ट्या उतरायला मला पंधरा वर्षं लागली. वर्षाला केसभर. तिला कळू न देता. तू चार दिवसांत चढवल्यास." आवाजात राग नव्हता. मागं एकदा माझं मनगट दाखवलं होतं तसंच हेही दाखवलं. मग कॉटखालची पेटी, चिकटपट्टी, ती लांबलचक राळ, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मी एका पायात दुसऱ्याचीच चप्पल घालून घरी गेलो.

आठवड्यानं माफी मागायला गेलो. दार उघडंच होतं. काकू जमिनीवर बसल्या होत्या आणि पुढ्यात ती पेटी. एका हातानं भाता हलवत होत्या. भात्याला एक चीर नव्हती.

"ये," त्या म्हणाल्या. "फाटलाय म्हणे. दाखव, कुठं फाटलाय?"

मी चपला काढून उंबऱ्याशी बसलो.

त्यांनी काळी चार दाबली, आ केला आणि सोडून दिला. मग बोट खाली सरकवत पांढरी चारवर आणलं. "ही माझी?"

मी मान डोलावली.

"किती जणांना सांगत सुटले होते मी काळी चार म्हणून. जाणारे हसत गेले असतील."

"कुणालाच माहीत नव्हतं, काकू."

"होय. तू सांगेपर्यंत."

मी काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, "पांढरी चार पण चांगली पट्टी आहे."

"चांगली आहे की. माझी नव्हती, एवढंच." त्यांनी भाता मिटून पेटीचा खटका लावला.

त्यानंतर काकू गायच्या बंद झाल्या. गुरुवारी शेंगाचटणी-भाकरी मिळायची, पद नाही. माझ्या भाकरीवर तूप कमी झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, तेही झालं नाही. मास्तरांनी आपल्या जाड तारा परत चढवल्या, माझ्या नव्या तारा पाकिटात घालून मला दिल्या. "चांगल्या आहेत. तुझ्या वाद्याला लाव." त्या अजून कपाटात आहेत. बायको कपाट आवरताना ते पाकीट बाहेर काढते, बघते आणि काही न बोलता परत ठेवते. बोलली असती तर परवडलं असतं.

थंडीच्या दिवसांत एका गुरुवारी मी लवकर पोचलो. दुसरं कुणी आलं नव्हतं. मास्तर डोळ्यांत औषध घालून खुर्चीत डोळे मिटून बसले होते, व्हायोलिन मांडीवर. आत काकू भाकऱ्या थापत होत्या. थापण्याच्या ठेक्यावर त्या काहीतरी गुणगुणत होत्या. तंबोरा नाही, काही नाही. तेच पद, पण पांढरी चारच्याही खाली कुठंतरी, पोटातून.

मास्तरांनी डोळे न उघडता व्हायोलिन माझ्याकडं केलं. बोटानं आतल्या खोलीकडं दाखवलं. "लाव."

माझा हात खिशातल्या मोबाइलकडं गेला. मास्तरांचे डोळे मिटलेलेच होते, तरी मी हात बाहेर काढला. कान आतल्या खोलीकडं लावून खुंटी उलटी फिरवली. थोडी. अजून थोडी. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट जाणूनबुजून सैल करत होतो. तार लोळायला लागली. मी गज टेकवला, सवयीनं दाबला, ती घरघरली. मास्तरांनी माझ्या कोपराला चापट मारली. मी गज जवळजवळ उचललाच, नुसतं त्याचं वजन ठेवलं. मग तार बोलली. बारीक, दबलेलं, पण बोलली. काकूंच्या गुणगुणण्याला जाऊन टेकली.

आतला आवाज थांबला नाही. एक ओळ झाली. दुसरीही झाली, वरच्या सा सकट. मग थापणं थांबलं.

"कितीवर लावलंय?" आतून प्रश्न आला.

मास्तरांनी डोळे उघडले आणि छताकडं बघायला लागले. हे उत्तर माझं मलाच द्यायचं होतं.

"काळी चार, काकू."

आत तव्यावरची भाकरी उलटल्याचा आवाज आला.

"खोटं बोलायला बरा शिकलास," काकू म्हणाल्या. "आता गज धरायला शीक. अजून दाबतोस." आणि पुढची भाकरी थापायला घेतली. पद मात्र त्या दिवशी पुढं सरकलं नाही.

पुढच्या गुरुवारी गेलो तेव्हा तंबोऱ्याची पेटी नेहमीच्या जागी, भिंतीशी होती. खिडकीवर नवी चिकटपट्टी. मी मास्तरांकडं बघितलं. त्यांनी मान हलवून खुणावलं: मी नाही लावली. नीट पाहिलं तर चिकटपट्टीखाली ज्वारीच्या पिठाचा ठसा अडकलेला, अंगठ्याचा.

चिकटपट्टी घाईत लावलेली होती. तिचा उजवा कोपरा सुटून वर आला होता. एक बोट दाबलं असतं तर बसला असता. माझे हात शिवशिवायला लागले.

मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसलो.